पुनवेची हजेरी

माझी नात केस विंचरू देत नाही. मी कंगवा हातात घेतला की ती घरभर पळत सुटते, आणि तिची आई स्वयंपाकघरातून म्हणते, "असू द्या हो आई, फारच गुंता झाला तर कापून टाकू." कापून टाकू! किती सहज बोलतात या मुली. माझा हात आपोआप स्वतःच्या मानेमागे जातो. आमच्या घरी एका गुंत्यापायी जीपगाडी आली होती, फौजदार आला होता आणि माझ्या आईचा अंगठा सरकारी कागदावर उठला होता. ते सगळं मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धंमुर्धं सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझी आई अशी असेल असं वाटत नव्हतं." म्हणून पुढे सांगायचंच सोडलं. माझी आई अशी नव्हती. तशीही नव्हती. कशी होती ते लिहून बघते.

आमचं गाव कोल्हापूरहून राधानगरीला जाणाऱ्या रस्त्यावर, नदीच्या अंगाला. दिवाळी झाली की गावात गुऱ्हाळं पेटायची आणि मग शिमग्यापर्यंत गावाला एकच वास असायचा. कपड्यांना, अंथरुणाला, शाळेच्या पुस्तकांना, सगळ्याला उकळत्या रसाचा वास. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पंचक्रोशीत नाव असलेले गुळवे होते. रस शिजून गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. काहिलीत हजार लिटर रस खदखदत असायचा आणि आबा नुसते फेसाकडे बघून म्हणायचे, "उतरा." एक मिनिट अलीकडे नाही की पलीकडे नाही. घाण्याच्या इंजिनाचा धडधड आवाज दिवसभर कानात बसलेला असायचा, इतका की इंजिन बंद पडलं तर बायका चुलीपुढून उठून बाहेर यायच्या, काय झालं म्हणून. आम्हाला भाकरीवर काकवी, गरम गुळात बुडवलेल्या शेंगा, पातेल्याला चिकटलेली खरवड, असं सगळं गोड मिळायचं. पण गुऱ्हाळावर पाऊल टाकायची मात्र मला बंदी होती. मी पाचवीत असताना एका जळण घालणाऱ्याच्या पोराचा हात काहिलीत गेला होता आणि तो हात आबांनी स्वतः बाहेर ओढला होता. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "काहिलीच्या आसपास दिसलीस तर तंगडं मोडून हातात दीन." आबा फार बोलत नसत. पण जे बोलत ते करत.

आईचं उलट होतं. ती दिवसभर बोलायची, भांडायची, हसायची, आणि तिचा आवाज नदीपल्याड जायचा. माझ्या पाठीवरची दोन बाळं गेली होती. मग सदा झाला. सदाला ती खाली म्हणून ठेवायची नाही. चार वर्षांचं घोडं झालं तरी कडेवर. मी एकदा म्हणाले, "मला कधी घेतलतंस गं असं?" तर म्हणाली, "तू काय मरतीस व्हय? तू चिवट हाईस." मला ते बोलणं त्या वेळी कौतुकाचं वाटलं होतं.

मी सहावीत होते तेव्हा दिवाळीनंतर सदाला ताप भरला तो उतरेचना. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आईने त्याला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तीन आठवडे ती तिकडेच होती. आबा गुऱ्हाळावर, कारण हंगाम सोडून गुळव्या हलला तर पुढच्या वर्षी त्याला कोण बोलावणार? शेजारची काकू मला दोन वेळा भाकरी द्यायची. बाकी मी माझी. अंघोळ केली तर केली, नाही तर तोंडावर पाणी. केस विंचरायचं काम आईचं होतं, रविवारी ती मला दोन गुडघ्यांत धरून बसायची आणि मी ओरडायची. ती नाही म्हटल्यावर मी वेणी सोडलीच नाही. वरून हात फिरवायचा, रिबीन घट्ट करायची, झालं.

त्यातल्याच एका दुपारी आबा झोपडीत कलंडलेले बघून मी गुऱ्हाळावर शिरले. काकवी हवी होती. घरातली संपली होती आणि मागायची कुणाकडे? लोटा भरून घेतला, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ओढणी घेतात तसा आईच्या जुन्या लुगड्याचा फाटका पदर डोक्यावरून घेतला, त्याखाली डोक्यावर लोटा धरला आणि वाकून पिळलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगामागून पळत सुटले. ढिगावरून पाय घसरला. लोटा कलंडला आणि निम्मी काकवी डाव्या कानामागे, वेणीच्या मुळाशी. वर चिपाडाचा भुगा बसला. मी गुपचूप नदीवर जाऊन वरवर धुतलं. थंडी अशी होती की बोटं वाकत नव्हती. वेणी सोडून नीट धुवायला हवं होतं, पण ओले केस घेऊन गेले असते तर काकूने विचारलं असतं, काकूने विचारलं असतं तर आबांना कळलं असतं. मी रिबीन घट्ट केली. ती चूक मी केली, एवढं इथे स्पष्ट लिहिते. पुढचं सगळं त्या रिबिनीखाली वाढलं.

आई सदाला घेऊन परतली तेव्हा सदाच्या मानेच्या शिरा मोजता आल्या असत्या, पण तो जिवंत होता आणि खायला मागत होता. रविवारी तिने मला गुडघ्यांत धरलं. रिबीन सोडली. वेणी सुटेना. बोटं घातली, कंगवा घातला. मग तिचा हात थांबला. मी वाट बघत होते की आता पाठीत धपाटा बसेल. तो बसला नाही म्हणून मी मान वळवून बघितलं. आई रडत होती आणि तिने दोन्ही हात जोडले होते. माझ्या मानेला!

"जट," ती म्हणाली. "आवं ऐकलं का? पोरीला जट आलीया."

आबा दारात आले, वाकून बघितलं आणि त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

जट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात केसांचा असा न सुटणारा गुंता झाला की तो देवीचा मानायचे. देवीने या बाईवर, या मुलीवर हात ठेवला. तो कापायचा नाही, विंचरायचा नाही, हळदकुंकू वाहायचं. आणि मुलगी असेल तर तिला माघाच्या पुनवेला कर्नाटकातल्या डोंगरावर नेऊन देवीला सोडायची. म्हणजे देवीशी तिचं लग्न लावायचं. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, हातात परडी, आणि मग जन्मभर जोगवा. माणसाशी लग्न नाही. पण म्हणून माणसं तिला सोडत होती असं नाही. मोठी झाली की कुणी तरी पैसेवाला तिला ठेवून घ्यायचा, मग दुसरा. याला कायद्याने बंदी होती. कधीचीच होती. पण आमच्या घरातल्या कुणी तो कायदा डोळ्यांनी बघितला नव्हता, आणि देवी मात्र समोरच्या कोनाड्यात रोज दिसत होती.

आईने दवाखान्यात देवीला शब्द दिला होता हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी मान हलवली त्या रात्री तिने म्हटलं होतं, माझं लेकरू दे, तू मागशील ते देते. काय ते बोलली नव्हती. मागशील ते. आणि घरी येऊन बघते तर देवीने मागितलं होतं.

गावात शेवंता म्हणून जोगतीण होती. तिला बोलावलं. ती आली, माझी मान उजेडाकडे वळवली, जट बोटांत धरून बघितली आणि ओरडली, "उदं गं आई उदं!" आईने तिची ओटी भरली. त्या दिवसापासून घरात माझी वट अशी वाढली की विचारू नका. पहिली भाकरी मला. भांडी घासायची नाहीत. आईने माझ्यावर आवाज चढवला नाही, आबांनी मला 'अगं'ऐवजी 'आई' म्हटलं एकदा. अकरा वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं? खरं सांगायला माझी जीभ रोज उचलायची आणि रोज मी गिळायची. तंगडं मोडण्याची भीती होतीच, पण तेवढीच नव्हती. मला ते लाड आवडत होते. इतक्या वर्षांनी लिहिताना याचीच जास्त लाज वाटते.

संक्रांतीनंतर आईने बाजारातून हिरवं लुगडं आणलं. पाच वारी, माझ्या मापाचं. आणि मला म्हणाली, "उद्यापास्नं साळंत जाऊ नगं. पुनव जवळ आलीया." मी विचारलं, "आन् पुनवंनंतर?" आईने लुगड्याची घडी घातली. शेवंता जोत्यावर तंबाखू मळत बसली होती, ती बोलली. "पुनवंनंतर तू देवीची. तुला आन् साळंला काय संबंद?" मग आई आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "मला आठव्या वर्सी सोडली. मलाबी हिरवंच लुगडं हुतं." मी तिच्या तोंडाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. शेवंता माझ्या आईच्या वयाची होती आणि दिसायची म्हातारी.

त्याच दुपारी मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मी एका दमात सगळं सांगितलं, लोटा, पदर, चिपाडाचा ढीग, नदी. "जट न्हाय गं ती. काकवी हाय. आबाला सांग, मोडू दे तंगडं." आईचा हात परातीत तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने उलथली नाही. मला वाटलं, सुटले.

"काकवी सांडली," आई म्हणाली, "पर सांडवली कुणी?"

मी म्हणाले, "मीच."

"तू कोण सांडवणार? मी तिकडं दवाखान्यात पदर पसरला आन् हितं तुझ्या डोसक्यावर काकवी पडली. त्याच आठवड्यात. असंच हुतंय व्हय?" आणि मग तिने भाकरी उलथली. काळी झाली होती. ती तिने स्वतःच्या ताटात टाकली.

आबांना मी संध्याकाळी सांगितलं. त्यांनी तंगडं मोडलं नाही. ते सदाकडे बघत राहिले, तो अंगणात कोंबडीमागे पळत होता. "पोरगं वाचलं का न्हाय?" एवढंच म्हणाले. फेसाकडे बघून गूळ ओळखणारा माणूस, त्याला काकवी ओळखता आली नसेल? आली होती, माझी खात्री आहे. पण सदाच्या जिवाशी कोण पैज लावणार? त्या दिवशी मला कळलं की खरं सांगितल्याने भागत नाही.

मग उरल्या कांबळेबाई. त्या आमच्या वर्गशिक्षिका. त्यांच्या सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी घरातले देव नदीत सोडून बुद्धाची तसबीर लावली होती, त्यामुळे आई म्हणायची, "तिला काय कळतंय देवाचं? तिच्या घरात देव हाय कुठं?" बाई स्वतःच आमच्या गल्लीत आल्या, मी चार दिवस शाळेत नाही म्हणून. आईने दारातच सांगितलं, "न्हाय येणार ती." बाई परत फिरल्या, पण पाणवठ्याच्या वाटेवर थांबून राहिल्या. मी घागर घेऊन निघाले आणि त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. चेहरा असा झाला की मला वाटलं मलाच मारतील.

"सुरेखा, हा गुन्हा आहे," त्या म्हणाल्या. "आईवडील झाले म्हणून पोरीचं काहीही करता येत नाही. सरकारने रेघ ओढलेली आहे. मी तालुक्याला कळवते."

"आईला धरून न्हेतील?"

बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "नेऊ शकतात," म्हणाल्या.

"मग नगा कळवू."

"मग हिरवं लुगडं नेसणार का तू?"

मी घागर भरून घरी आले. माघाची पुनव सहा दिवसांवर होती. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. जीप येऊ नये म्हणून कोनाड्यातल्या देवीला हात जोडायची आणि लगेच मनात म्हणायची, येऊ दे, येऊ दे. सदाला मांडीवर घेऊन आई गाणं म्हणायची ते ऐकून रडू यायचं. तिने माझ्यासाठी लाडू केले होते, डोंगरावर नेण्यासाठी, गूळ-शेंगांचे, मला आवडतात म्हणून. ज्या हाताने ती मला देऊन टाकणार होती त्याच हाताने लाडू वळत होती, आणि दोन्ही खरं होतं.

निघायच्या आदल्या सकाळी जीप आली. नुसतं बसवेना म्हणून मी शेण काढत होते. आधी पोरं ओरडत आली, मग धूळ, मग जीप. तिच्यातून एक उंच बाई उतरल्या, पिवळसर सुती साडी, काखेत फाईल. समाजकल्याणच्या होत्या. मागून फौजदार. निम्मा गाव अंगणात जमला. शेवंता आमच्या जोत्यावर होती ती परसदारातून कधी गेली कळलंसुद्धा नाही. कांबळेबाई गर्दीच्या मागे उभ्या होत्या, आणि आईने त्यांना बघितलं.

साडीवाल्या बाईंनी आवाज न चढवता विचारलं, "मुलीला देवीला सोडणार आहात म्हणून कळलंय. खरं आहे का?"

"न्हाय," आई म्हणाली. "जत्रंला चाललोय. जत्रंला जायाला सरकारची मनाई हाय का?"

"आमची पोरगी हाय," आबा म्हणाले. "आमचं आम्ही बगू."

फौजदार पुढे झाले. "तुमची पोरगी हाय म्हणूनच तुम्हाला विचारतोय. दुसऱ्याची असती तर ह्येच्या आदी आत टाकलं असतं."

त्या बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. माझे हात शेणाने भरलेले. "तू सांग बाळ. घाबरू नको. कुठं नेणार आहेत तुला?"

आई माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत धाक नव्हता. धाक असता तर बरं झालं असतं, मी घाबरून गप्प बसले असते आणि दोष तिच्यावर टाकला असता. ती नुसती बघत होती, सदा तिच्या कडेवर, त्याचा हात तिच्या गळ्यात. मला वाटलं, मी बोलले की हे दोन हात सुटणार, तो रडणार आणि ती जीपमध्ये बसणार. घाण्याचं इंजिन लांब धडधडत होतं. तेवढा एकच आवाज.

"देवीला सोडणार हायत," मी म्हणाले. "लुगडं ट्रंकंत हाय."

फौजदारांनी ट्रंक उघडायला लावली. हिरवं लुगडं, मण्यांची माळ, नवी परडी. वर लाडवांचा डबा. साडीवाल्या बाईंनी लाडवांचा डबा तेवढा बाजूला काढून आईच्या हातात दिला. का ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण त्या क्षणी मला त्या बाईबद्दल माया वाटली.

कोणाला धरून नेलं नाही. ओसरीवर बसून त्यांनी एक कागद लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. मुलीला देवीला सोडणार नाही, शाळेतून काढणार नाही, सोडल्याचं आढळल्यास दोघांवर खटला. आणि खाली त्यांनी आपल्या मनाने एक ओळ घातली, दर पुनवेला ही मुलगी शाळेत हजर पाहिजे, शिक्षिकेने तशी नोंद ठेवावी. पुनवेलाच सोडतात ना, म्हणून पुनवेची हजेरी. आणि रविवारी किंवा सुटीच्या दिवशी पुनव आली तर मुलीने बाईंच्या घरी जाऊन तोंड दाखवायचं. आबांनी सही केली. आईने अंगठा दिला. शाई पुसायला तिने पदर वापरला आणि तो डाग कधीच गेला नाही. आबा जटेकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् ह्येचं काय?" तर त्या बाई म्हणाल्या, "ते आम्ही कापणार नाही. ते तुमच्या घरचं. पोरीला हात लावलात तर मात्र आमचं."

आज मी स्वतः गावच्या बालसंरक्षण समितीवर आहे. कुणी पोरीचं चौदाव्या वर्षी लग्न ठरवतं, कुणी पोराला साखळीने बांधून ठेवतं, कुणी आजारी बाळाच्या पोटाला तापल्या विळ्याचा डाग देतं, आणि आम्ही दोघीतिघी कागद घेऊन दारात उभ्या राहतो. प्रत्येक दारात तेच ऐकते, आमचं पोर हाय, आमचं आम्ही बगू. मला राग येतो, आणि मग आबांचा चेहरा आठवतो. त्या साडीवाल्या बाईंना हजेरीची ती ओळ न घालता नुसता कागद करून जाता आलं असतं किंवा आईला जीपमध्ये घालून नेता आलं असतं. दोन्हींपैकी काहीही केलं असतं तरी मी आज इथे नसते.

पण त्या दिवशी मला हे काही सुचत नव्हतं. आई माझ्याशी बोलायची बंद झाली. भाकरी द्यायची, पण नाव घ्यायची नाही. पुनवेला गावातल्या शेवटच्या गाड्या डोंगराकडे निघाल्या, हलगी वाजत होती, आणि मी वर्गात बसले होते. बाईंनी वेगळी वही केली होती. तीत तारीख घातली आणि माझं नाव लिहिलं. दुपारी घरी आले तर दारात बायका जमलेल्या. सदाला ताप भरला होता.

मी उंबऱ्यातच थांबले. आत जायचं धाडस झालं नाही. शेजारची काकू, जिने मला तीन आठवडे भाकरी घातली होती, ती माझ्या तोंडावर म्हणाली, "बग. देवी सोडती व्हय?" सदा आईच्या मांडीवर पडलेला, गाल लाल, डोळे अर्धे मिटलेले. आबा उभे होते. ते म्हणाले, "अजून जत्रा उठली न्हाय. आत्ता निघालो तर उद्या पोचतोय. पोरीला घिऊ."

मला आठवतं, मी नाही म्हणाले नाही. सदाकडे बघून मला वाटलं, चला, नेतील तर नेऊ देत. इतकी मी भ्याले होते. नाही म्हणाली ती आई.

"आंगठा दिलाय म्या," ती म्हणाली. "तुम्हाला आन् मला आत टाकलं तर ह्येला कोण बगणार? येस्टी बगा. डॉक्टरकडं न्हेऊ."

एसटीने तालुक्याला नेलं. मलाही बरोबर घेतलं, मला घरी कुणाच्या हाती ठेवायचं नाही म्हणून की आणखी कशासाठी, कोण जाणे. दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. आमच्याच गावची सहा पोरं, शेजारच्या गावची आणखी, सगळ्यांचे गाल फुगलेले. डॉक्टरांनी सदाच्या कानाखाली बोट दाबलं आणि म्हणाले, "गालगुंड. साथ आहे. आठ दिवसांत बरा होईल." आई बाहेर येऊन त्या फुगलेल्या पोरांच्या रांगेकडे बघत उभी राहिली. एकेकाचं नाव विचारलं, कुणाचा, कुठला. मग आबांना म्हणाली, "समद्यांनीच काय देवीला शबुद दिलता व्हय?" आणि फार दिवसांनी पहिल्यांदा आई मला नावाने बोलली. "सुरे, सदाला पाणी पाज."

सदाच्या गालाची सूज ओसरली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिने मला गुडघ्यांत धरलं. शिंप्याची कात्री मागून आणली होती. पाणी तापवलं होतं. बराच वेळ ती नुसती जटेवर गरम पाणी ओतत राहिली, ओतता ओतता पुटपुटत. मग कात्रीचं थंड पातं मानेला लागलं आणि कर्रकर्र आवाज झाला. डोकं एकदम हलकं झालं. आईने जट तळहातावर घेतली, नखांनी उकलली, आणि तिच्या गाभ्यात दोन बोटं घालून बाहेर काढली. बोटांत चिपाडाचा एक धागा होता, पांढरा, जसाच्या तसा. ती त्याच्याकडे बघत राहिली. "चिपाड हाय," एवढंच म्हणाली. मग तो धागा परत जटेत ठेवला, जट नारळाबरोबर फडक्यात बांधली आणि मला म्हणाली, "चल."

आम्ही नदीवर गेलो. ती गुडघाभर पाण्यात उतरली. मी काठावर, दप्तर पाठीला. मला वाटलं ती माफी मागेल, रडेल. ती गल्लीत भांडायला उभी राहायची तशी उभी राहिली आणि त्याच नदीपल्याड जाणाऱ्या आवाजात बोलली.

"आई, मी शबुद मोडला न्हाय. मी द्यायला निघालते. लुगडं आणलतं, लाडू केलतं. पर सरकार आडवं आलं. जीप घिऊन आलं, आंगठा घेतला माझा. मी एकली बाई, सरकारफुडं काय करू? तुझं काय म्हणणं आसंल ते आता त्यास्नी इचार. माझ्या पोरास्नी काय बी इचारू नगंस."

फडकं पाण्यात सोडलं. ते गेलं, वळणावर अडकलं, पुन्हा गेलं. आई बघत राहिली ते दिसेनासं होईपर्यंत, आणि तेव्हा तिने असा श्वास सोडला की मला काठावर ऐकू आला. तोवर मला वाटत होतं की कायद्याने मला तिच्यापासून वाचवलं. त्या श्वासानंतर तसं कधी वाटलं नाही. तिलाही कुणीतरी अडवायला हवं होतं, तिच्याहून मोठं, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असं. परवा एका दारात एक बाई मला शिव्या देत होती, तिच्या मुलीचं लग्न आम्ही थांबवलं म्हणून. नवरा आत गेल्यावर मी तिला हळूच म्हणाले, "पावण्यास्नी सांग, सरकार आडवं आलं. माझं नाव सांग." ती शिव्या द्यायची थांबली.

पुढची पुनव आली तेव्हा मला ताप होता. गालगुंड आता मला झालं होतं, गाल फुगून डोळ्यांना लागले होते. मी म्हणाले, "आज न्हाय जात." आईने माझ्या तोंडाला तिचा तो शाईचा डाग पडलेला पदर बांधला, मला पाठुंगळी घेतलं, अकरा वर्षांच्या घोड्याला, आणि शाळेपर्यंत चालत नेलं. वर्गाच्या दारातूनच तिने हाक मारली, "ओ बाई, लिवा. आलीया म्हणून लिवा." बाईंनी वही काढली. नाव लिहून होईपर्यंत आई दारात उभी राहिली, मग तशीच मला पाठीवर घेऊन परत फिरली.